छपरावरचे पाणी आणि मे महिन्याची सुट्टी

प्राथमिक शाळा पर्यावरणपूरक करणे म्हणजे पाणी, वीज, अन्न आणि कचरा यांचा शाळेचा रोजचा व्यवहार असा बसवणे, की परिसराची झीज कमी व्हावी आणि तो व्यवहार पुढच्या तुकडीलाही परवडावा. उल्हास नदीच्या खोऱ्यातील कर्जतलगतचे भिसेगाव आणि एकूणच कर्जत-खालापूर पट्टा या दृष्टीने विलक्षण आहे. कारण येथे वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो, जुलै २०२१ मध्ये उल्हासच्या पुराचे पाणी कर्जतमध्ये शिरले होते, आणि तरीही कर्जत तालुक्यातील डोंगरउतारावरच्या वाड्यांना एप्रिल-मेमध्ये हंड्यासाठी पायपीट करावी लागते.

या विसंगतीचे मूळ खडकात आहे. येथील काळा बेसाल्ट पाणी साठवतो तो भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात. हा थर पावसाळ्यात लवकर भरतो, उरलेले पाणी ओढ्यानाल्यांतून नदीला मिळते आणि मुरलेले पाणीही उन्हाळ्यापूर्वी बरेचसे झिरपून निघून जाते. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी मिळते. त्यामुळे दोन वर्गखोल्या आणि पडवी मिळून १०० चौरस मीटर छप्पर असलेल्या शाळेला, पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी, वर्षाला सुमारे २,४०,००० लिटर पाणी मिळू शकते. आकडा मोठा आहे, पण फसवा आहे. जुलैतल्या १०० मिलिमीटर पावसाच्या एका दिवसात ५,००० लिटरची टाकी भरून वाहू लागते. उलट ६० मुलांना दररोज माणशी १० लिटर पाणी लागते असे मानले, तर तीच टाकी आठ-नऊ दिवसांत रिकामी होते. म्हणजे पागोळ्यांचे पाणी पन्हळीतून टाकीत घेतले, तर पावसाळ्यात शौचालय आणि सफाई यांसाठी विंधणविहिरीचा पंप चालवावा लागत नाही. मात्र त्या टाकीवर उन्हाळा निघेल, अशी आशा कोणी बाळगू नये. नोव्हेंबरनंतर उपयोगी पडते ती काटकसर: गळका नळ वेळीच बदलणे आणि वापरलेले पाणी दुसऱ्यांदा वापरणे.

दुपारच्या शालेय पोषण आहारानंतर हात आणि ताट धुण्यासाठी प्रत्येक मुलाला दोन लिटर पाणी लागले, तरी ६० मुलांमागे रोज १२० लिटर सांडपाणी तयार होते. ते उघड्या गटारात सोडण्याऐवजी खडी आणि वाळू भरलेल्या छोट्या खड्ड्यातून गाळून केळी-अळूच्या आळ्यांत सोडता येते. साबण बेताने वापरावा आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना हे पाणी देऊ नये, एवढे पथ्य पाळले पाहिजे. आहारात ताजी भाजी यावी म्हणून शाळेत लावायच्या परसबागेला भाज्यांची देठे, साले आणि गळलेली पाने यांचे खत पुरते. शिजलेले उरलेले अन्न मात्र त्यात टाकू नये, कारण त्याने उंदीर-घुशी येतात. मार्गदर्शनासाठी दूर जाण्याची गरज नाही: दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे भात संशोधन केंद्र कर्जतमध्येच आहे, नेरळच्या सगुणा बागेत नांगरणीशिवाय गादीवाफ्यावर भात घेण्याची पद्धत विकसित झाली, आणि पावसाच्या आरंभी बाजारात येणारी शेवळे, टाकळा, भारंगी या रानभाज्या तर मुलांच्या आया-आज्यांनाच पाठ असतात. या ज्ञानाला शाळेत प्रतिष्ठा मिळणे हा परसबागेचा भाजीइतकाच मोठा लाभ आहे.

वृक्षारोपणाची गोष्ट निराळी आहे. १९५० पासून वनमहोत्सव जुलैत होतो, छायाचित्रे निघतात, आणि ज्या महिन्यांत रोपाला पाण्याची खरी निकड असते तेव्हा शाळेला सुट्टी असते. शंभर रोपांपेक्षा जांभूळ, करंज, आवळा, शेवगा अशी दहा रोपे लावून, प्रत्येकाचे आळे पालापाचोळ्याने झाकून, मे महिन्याचे पाणी शेजारच्या एकेका कुटुंबावर सोपवणे अधिक शहाणपणाचे ठरते.

विजेबाबत मुद्दा थोडक्यात आटोपतो. छपरावरचा १ किलोवॉटचा सौरसंच वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट वीज देतो, जी दोन वर्गांतील दिवे-पंख्यांना पुरेशी आहे. ढगाळ महिन्यांत ती बरीच घटते, म्हणून महावितरणची जोडणी तोडून चालत नाही. कचऱ्यात खरी अडचण आहे ती वेफर्सच्या चकचकीत पाकिटांची. राज्याने २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी लागू केली, तरी अनेक थरांचे हे वेष्टन भंगारवालाही घेत नाही, त्यामुळे ते आवारात न येऊ देणे हाच उपाय उरतो.

या सर्व कामांना लागणारा पैसा फार नाही, पण तो दरवर्षी लागतो, आणि देणगीदाराला टाकीवर नाव हवे असते, पन्हळ साफ करण्यावर नव्हे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि शाळा विकास आराखडा तयार करण्याचे काम याच समितीकडे असते. भिसेगाव परिसरातील पालकांनी त्या आराखड्यात नव्या बांधकामाआधी देखभालीची स्वतंत्र तरतूद मागावी, आणि पन्हळी-टाक्यांची सफाई जूनचा पहिला पाऊस येण्यापूर्वी, सुट्टीतच, करून घ्यावी.