राजधानी गेली, नदी राहिली

नीरेच्या काठचे भोर आज पुणे जिल्ह्यातील लहान शहरांत मोडते. 2011 च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या वीस हजारांच्या आतच भरली. पण हे गाव कधीकाळी राजधानी होते. छत्रपती राजारामांच्या काळात शंकराजी नारायण यांच्याकडे सचिवपद आले आणि पुढे त्या घराण्याचा कारभार भोरला स्थिरावला. राजगड, तोरणा, विंझर-वेल्ह्याकडील मावळ आणि घाटाखालचे पाली-सुधागड एवढा मुलूख न्यायासाठी, वसुलासाठी भोरकडे पाहत असे.

राजधानीचे पोट शेतीवर नव्हे, वसुलावर भरते. खेड्यापाड्यांतून आलेला सारा भोरच्या कचेऱ्यांत जमा होई आणि कारकून, वकील, सोनार, वाणी यांच्या हातांतून बाजारात फिरे. 8 मार्च 1948 रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि हा ओघ आटला. विलीनीकरण न्याय्यच होते. रयतेने त्यासाठी झगडाही दिला होता. परंतु राजधानीचे तालुक्याचे गाव झाले की तेथील बाजारपेठेचे काय होते, याचा हिशेब कोणी मांडला नाही. राजवाडा उभा आहे. चित्रीकरणासाठी चित्रपटवाले येतात आणि काम संपले की निघून जातात.

दुसरा ओघ पाण्याचा. शहराजवळ भाटघर येथे येळवंडी नदीवर इंग्रज सरकारने बांधलेले मोठे धरण 1928 च्या सुमारास पुरे झाले. त्यात सुमारे साडेतेवीस अब्ज घनफूट पाणी मावते. ते नीरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांतून बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसच्या उसाला मिळते; त्या उसावर साखर कारखाने, पतपेढ्या, महाविद्यालये उभी राहिली. पुढे खुद्द नीरेवर देवघरला आणखी एक धरण झाले. भोरच्या वाट्याला मात्र बुडालेली खाचरे, डोंगरउतारावरचा भात आणि पुण्या-मुंबईची नोकरी आली. खालच्या शेतकऱ्याने घाम गाळला नाही, असे कोणी म्हणणार नाही. पण पाणीपट्टी ठरविताना ज्या खोऱ्याची जमीन गेली त्याचा वाटा हिशेबात धरावयास नको काय?

उन्हाळ्याच्या अखेरीस कालव्यांना पाणी सोडून जलाशय तळाला जातो, तेव्हा वेळवंड खोऱ्यात एरवी बुडालेले कांबरेश्वराचे देऊळ उघडे पडते. आसपासचे लोक दर्शनाला जातात. पावसाळा लागला की ते पुन्हा पाण्याखाली जाते.