‘पाय’ आणि काटा : सिरियल पोर्टबद्दलचे गैरसमज

लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरसारख्या गावात सोयाबीनचा हंगाम सुरू झाला की भुसार दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याला उसंत नसते. अशा बऱ्याच काट्यांच्या डिस्प्लेला मागच्या बाजूने नऊ पिनांचं सॉकेट असतं. तिथून वजनाचे आकडे तारेने बाहेर पडतात. ते रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरमध्ये घेतले, तर वहीत ३५२ चे ३२५ होण्याची भानगड मिटते. कल्पना चांगली आहे. पण पहिल्याच दिवशी स्क्रीनवर काही येत नाही, किंवा भलतंच येतं, आणि आजूबाजूचे निदान करून मोकळे होतात : ‘बोर्ड जयला वाटते.’

बहुतेक वेळा बोर्ड शाबूत असतो. खात्री करायला दोन मिनिटं लागतात. काट्याची तार काढा, बोर्डावरच्या ८ आणि १० क्रमांकाच्या पिना एका जंपरने एकमेकींना जोडा आणि मिनिकॉमसारख्या प्रोग्राममध्ये काहीतरी टाइप करा. पाठवलेलं अक्षर परत आलं तर पोर्ट ठीक आहे. जंपर काढल्यावर ते थांबलंही पाहिजे. तरीही दिसत राहिलं, तर तो प्रोग्रामचा स्वतःचा प्रतिध्वनी समजा.

गैरसमज : दोन्हीकडे सिरियलच आहे, मग तारा थेट जोडल्या तरी चालतात.

वस्तुस्थिती : बोर्ड खरोखर जळतो तो इथेच. काट्याचं सॉकेट बहुधा आरएस-२३२ प्रकारचं असतं. हे मानक १९६० सालचं. त्यात ‘१’ म्हणजे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट आणि ‘०’ म्हणजे अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट. पायच्या पिनेला मात्र ० ते ३.३ व्होल्टच सोसतात, आणि तिथे ‘१’ ची बाजू वरची. म्हणजे व्होल्टेजही जास्त आणि अर्थही उलटा. दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज कमी करण्याची युक्ती ५ व्होल्टच्या आर्डुइनोसाठी चालते, इथे नाही. मध्ये मॅक्स३२३२ चिपचं मॉड्यूल हवं, आणि त्याला वीज पायच्या ३.३ व्होल्टच्या पिनेवरूनच द्यायची. यूएसबीवर चालणारा आरएस-२३२ कन्व्हर्टर घेतला तर ही कटकटच उरत नाही. दुकानात कायमचं बसवायचं असेल तर मी तोच सुचवेन. काट्याचा डबा मात्र उघडू नका. वैधमापन खात्याचं सील तुटलं तर वेगळंच प्रकरण अंगावर येतं.

एकाचा टीएक्स दुसऱ्याच्या आरएक्सला जातो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. विसरली जाते ती ग्राउंडची तार. दोन उपकरणांचं ग्राउंड एक नसेल तर सिग्नल मोजायचा कशाच्या तुलनेत?

गैरसमज : स्क्रीनवर कचरा आला म्हणजे केबल खराब.

वस्तुस्थिती : कचरा दिसणं ही खरं तर बरी खूण आहे. तार पोचली आहे, फक्त दोघांची बोली जुळत नाही. आधी वेग पाहा. काटा २४०० ने पाठवत असेल आणि तुम्ही ९६०० ने वाचत असाल तर कचराच येणार. वेग जुळूनही काही आकडे नीट आणि काही विचित्र येत असतील, तर पॅरिटीवर संशय घ्या. सात बिट आणि सम पॅरिटीने पाठवणारे काटे आहेत. ते आठ बिट, पॅरिटी नाही, असं वाचलं की ०, ३, ५, ६, ९ बरोबर उमटतात आणि १, २, ४, ७, ८ बिघडतात. कारण या दुसऱ्या आकड्यांच्या सांकेतिक रूपात ‘१’ ची संख्या विषम असते, म्हणून पॅरिटीचा बिट चालू होतो आणि तो आठवा बिट म्हणून वाचला जातो. ३५० किलो व्यवस्थित, १२४ किलोचा चिखल! केबल बदलून हे कसं सुटणार?

इथे पायची स्वतःचीही एक खोच आहे. २०१६ साली आलेल्या पाय ३ मध्ये ब्लूटूथ आलं आणि चांगला यूआर्ट, म्हणजे सिरियल पोर्ट चालवणारं सर्किट, त्याच्याकडे गेला. ८ आणि १० या पिनांवर उरला तो मिनी यूआर्ट, ज्याला पॅरिटी येतच नाही. पाय ४ मध्येही सुरुवातीची मांडणी हीच. ब्लूटूथ लागत नसेल तर कॉन्फिग फाइलमध्ये ते बंद करून पिनांना मूळ यूआर्ट परत देता येतो. पाय ५ ची गोष्ट निराळी. तिथे ‘सिरियल झिरो’ हे नाव पिनांऐवजी बोर्डावरच्या वेगळ्या तीन पिनांच्या डीबग सॉकेटकडे बोट दाखवतं. जुन्या बोर्डाचा प्रोग्राम तिथे मुका बसतो तो त्यामुळे.

गैरसमज : सेटिंगमध्ये सिरियल ‘चालू’ केलं की पोर्ट आपला.

वस्तुस्थिती : रास्पी-कॉन्फिग दोन वेगळे प्रश्न विचारतं. सिरियलवरून लॉगिन हवं का? उत्तर ‘नाही’. हार्डवेअर पोर्ट हवा का? उत्तर ‘हो’. पहिल्याला ‘हो’ म्हटलंत तर तुमच्या प्रोग्रामआधी लॉगिनचा प्रोग्राम पोर्ट धरून बसतो आणि काट्याचं वजन युजरनेम समजून वाचतो. आणि ‘परवानगी नाही’ असा संदेश आला तर सगळं सुडोने चालवत सुटू नका. युजरला डायलआउट गटात घाला आणि पुन्हा लॉगिन करा.

सगळं जुळलं की वेग, बिट, पॅरिटी आणि कोणती तार कुठे गेली, हे कागदावर लिहून काट्याच्या मागे चिकटवा. पुढच्या हंगामात तार सैल झाली, तर दुरुस्त करणारा माणूस कदाचित दुसराच असेल.