खादीचं जाकीट, मशीनचा मोर

गॅदरिंगच्या पंधरा दिवस आधी माझ्या हातून एक गुन्हा घडला. रूम पार्टनरचं खादीचं जाकीट मी हौसेनं मशीनचं भरतकाम करून आणलं. जाकीटसुद्धा त्याचं नाही, त्याच्या बाबांचं! मोराची आयडिया अर्थातच माझी. जाकीट हातात आलं तेव्हा मोराभोवती कापड आक्रसलं होतं आणि वरच्या खिशात पेन जाईना. टाके खिशातून आरपार गेले होते. पार्टनर एक शब्द बोलला नाही. तेच जास्त लागलं.

दुकानदाराला दोष देऊन मोकळं होता आलं असतं. पण आपण इंजिनीअरिंगवाले ना! कारण शोधायला नको?

मशीनच्या टाक्यात दोन दोरे असतात. एक सुईतून येतो, दुसरा खालच्या बॉबिनमधून, आणि दोघे कापडात एकमेकांना अडकतात. दोन्ही ताणलेले असल्यामुळे प्रत्येक टाका कापडाला थोडं आत ओढतो. एका टाक्याची ओढ कळत नाही, पण मोरात हजारो टाके असतात. जीन्ससारखं जाड, घट्ट विणीचं कापड ती ओढ सोसतं. खादीचं सूत हातानं कातलेलं, कुठे जाड तर कुठे बारीक. आमच्या जाकिटाची वीणही सैल होती. मग ती बिचारी गोळा होणारच!

खात्री करण्यासाठी जुन्या खादीच्या तुकड्यावर 5 सेंमी व्यासाचं वर्तुळ भरून घेतलं, सगळे टाके आडवे. मोजलं तर आडवा व्यास 2 मिमीनं कमी! वर्तुळाचं चक्क लंबवर्तुळ झालं होतं. मागे बकरम लावून तेच वर्तुळ पुन्हा भरलं, तेव्हा फरक जवळजवळ गेला.

तेव्हा कोणाला जाकीट सजवायचं असेल तर एवढं करा. खादी आधी धुऊन घ्या, कारण ती आटते. नवीन शिवत असाल तर अस्तर आणि खिसा लावण्याआधीच भरतकाम करून घ्या. तयार जाकीट असेल तर अस्तराची शिवण थोडी उसवून ते बाजूला करा. रिंगमध्ये कापड सपाट बसवा, ताणू नका. ताणलेलं कापड रिंग काढली की मागे येतं आणि चुण्या पडतात. कॉम्प्युटरवर डिझाइन उतरवण्याला कारागीर 'पंचिंग' म्हणतात, कारण पूर्वी ते कागदी पट्टीवर भोकं पाडून करत. पंचिंग करणाऱ्याला कापड खादीचं आहे हे आधीच सांगा, म्हणजे तो टाके विरळ ठेवेल. पूर्ण भरलेल्या मोरापेक्षा नुसत्या रेघांचा मोर खादीवर जास्त शोभतो. आणि आधी तुकड्यावर ट्रायल घ्याच!

आमच्या एका सरांनी हसत विचारलं, "वर्ध्यात राहून खादीवर मशीन चालवता काय रे?" पण 1924 मध्ये यंत्रांविषयी बोलताना गांधीजींनीच सिंगरच्या शिलाई मशीनला अपवाद मानलं होतं. बायकोचे हातशिलाईचे कष्ट पाहून सिंगरनं ते बनवलं, त्यात प्रेम आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्याच हस्ते 1938 मध्ये उघडलेल्या आपल्या मगन संग्रहालयात चरख्यांचे प्रकार बघा. तीही यंत्रंच आहेत, माणसाच्या हाताला साथ देणारी.

आता जाकिटाचं काय झालं ते सांगतो. दोन रात्री बसून मी उलट्या बाजूनं एकेक टाका कापला. धुऊन इस्त्री केल्यावर सुईची भोकं बरीचशी बुजली. नवा मोर खादीच्या वेगळ्या तुकड्यावर भरून घेतला आणि हातानं, खिसा सोडून, वर टाचला. नको वाटला तर काढता येतो.

गॅदरिंगला पार्टनरनं तेच जाकीट घातलं. खिशात पेन होता.