पाठ: रोलर कुठून जातो?

वाचण्याआधी: जाड पुठ्ठा, कंपास, पट्टी, कोनमापक आणि १ येनचं नाणं जवळ ठेवा.

तुम्ही कोतोमध्ये राहत असाल, तर तोयोसूच्या लालापोर्ट मॉलला नक्की गेला असाल. मॉलसमोर पाण्याच्या कडेला एक जुनी गोदी दिसते. पूर्वी इथे मोठी जहाजं बांधली जात. २००६ साली त्या जागी मॉल उघडला, पण गोदी तशीच राहिली.

जहाज म्हटलं की इंजिन आलंच. मोठ्या डिझेल इंजिनातली झडप ठरलेल्या क्षणी उघडावी आणि मिटावी लागते. बहुतेक इंजिनांत हे काम कॅम करतो. कॅम म्हणजे पूर्ण गोल नसलेलं, एका बाजूला फुगवटा असलेलं चाक. ते फिरतं, तेव्हा त्यावर टेकलेला दांडा फुगवट्यापाशी वर उचलला जातो. दांड्याच्या टोकाला छोटं चाक असतं, तो रोलर. तो घासत नाही, गडगडत जातो, म्हणून झीज कमी होते.

मग कॅमचा आकार ठरवायचा कसा? सुंदर दिसेल असा फुगवटा काढून चालेल का? नाही. आधी दांड्याची हालचाल ठरवायची, आकार त्यातून येतो.

समजा, कॅम १२० अंश फिरेपर्यंत दांडा २४ मिमी वर जायला हवा. दर ३० अंशांना सारखा ६ मिमी उचलला तर? बस एकदम सुटली की आपण मागे पडतो, एकदम थांबली की पुढे! दांड्याचंही तसंच होतं. वर जाता जाता तो अचानक थांबला, तर रोलर कॅमवरून उडतो. मग स्प्रिंग त्याला खाली आपटते. असं मिनिटाला शेकडो वेळा झालं, तर पोलादाचेही टवके उडतात. आणि भर समुद्रात गॅरेज कुठून आणणार?

म्हणून सुरुवात हळू, मध्ये जोरात, शेवट पुन्हा हळू. चांगल्या आखणीत उंची अशी वाढते:

३० अंशांवर २.२ मिमी
६० अंशांवर १२ मिमी
९० अंशांवर २१.८ मिमी
१२० अंशांवर २४ मिमी

पुढच्या १२० अंशांत याच मापांनी उलट खाली यायचं. उरलेले १२० अंश विश्रांती.

आता आपण कॅम काढूया. १ येनचं नाणं २० मिमी व्यासाचं असतं. हाच आपला रोलर! त्याची त्रिज्या १० मिमी.

१. पुठ्ठ्यावर एक मध्यबिंदू घ्या. तिथून दर ३० अंशांना एक रेघ काढा.

२. प्रत्येक रेघेवर ५० मिमी अधिक त्या कोनाची उंची मोजून खूण करा. पहिली खूण ५० मिमीवर, मग ५२.२, ६२, ७१.८ आणि ७४. पुढे तीच मापं उलट.

३. खुणा हलक्या हाताने जोडा. थांबा, हा कॅम नाही! ही रोलरच्या मध्याची वाट आहे.

४. वाटेवर जागोजागी नाण्याचा मध्य ठेवून नाण्याभोवती पेन्सिल फिरवा. सगळ्या गोलांना आतून स्पर्श करत जाणारी रेघ म्हणजे कॅमचा काठ. तो कापा.

कुणी म्हणेल, "एवढी खटपट कशाला? प्रत्येक रेघेवर १० मिमी कमी केले की झालं!" इथेच फसगत होते. चढावर रोलर बरोबर खाली टेकत नाही, थोडा बाजूला टेकतो. नुसते १० मिमी कमी केले, तर चढावर अर्ध्या मिलिमीटरहून जास्त चूक होते. इंजिनासाठी ती फार मोठी आहे.

आणखी दोन गोष्टी सांभाळायच्या. चढ फार उभा नको, नाहीतर कॅम दांड्याला वर ढकलण्याऐवजी बाजूला रेटतो आणि दांडा अडकतो. म्हणून ढकलण्याची दिशा दांड्यापासून साधारण ३० अंशांपेक्षा जास्त कलू देत नाहीत. आपल्या कॅममध्ये ती सुमारे २१ अंश कलते, म्हणजे ठीक. चढ जास्त उभा झाला, तर कॅम मोठा घ्यायचा. दुसरं, कॅमवरचा खोलगट भाग रोलरपेक्षा अरुंद नको. मोठा चेंडू छोट्या वाटीच्या तळाला टेकेल का?

सुट्टीत आजीकडे गेलात, तर जुनं शिवणयंत्र बघा. दोरा वर ओढणारा दांडा खालीवर होतो ना? पुष्कळ जुन्या यंत्रांत त्याचा छोटा रोलर एका कॅमच्या खाचेतून धावत असतो. यंत्र बंद असताना, आजीला विचारूनच, चाक हाताने हळूच फिरवा. दांडा कुठे हळू जातो, कुठे जोरात?

शब्दार्थ
गोदी – जहाज बांधायची किंवा दुरुस्त करायची जागा
झीज – घासून कमी होणं
टवका – निघालेला छोटा तुकडा

सांगा पाहू
१. रोलर कॅमवरून का उडतो?
२. रोलरच्या मध्याची वाट आणि कॅमचा काठ यांत फरक काय?
३. १ येनऐवजी मोठं नाणं घेतलं, तर कॅम लहान होईल की मोठा? करून बघा.