देव नाही ती जागा कोणती?

औंढा नागनाथच्या देवळातला गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद पायऱ्यांवरून, डोकं सांभाळत खाली उतरायचं आणि ठेंगण्या छताखाली पिंडीपाशी टेकायचं. याच देवळात विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजले होते, असं परंपरा सांगते. नामदेव संतापले, पाय काढा म्हणाले. विसोबांनी शांतपणे सांगितलं, ‘मी म्हातारा. देव नसेल अशी जागा बघ आणि तिथे तूच ठेव माझे पाय.’ नामदेव पाय उचलून नेतील तिथे पिंड दिसू लागली.

हिंगोलीकडे ही गोष्ट चमत्कार म्हणून सांगतात. मला त्या चमत्काराहून विसोबांचा प्रश्न मोठा वाटतो. ग्रीक तत्त्वज्ञांकडे जायचं तर आपण याच प्रश्नापासून निघावं.

इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकात, आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या मिलेटस शहरात थेलीसने विचारलं, हे सगळं जग मुळात कशाचं? त्याचं उत्तर होतं पाणी. त्याच्याच गावच्या अनॅक्झिमँडरला ते पटलं नाही. सगळ्याचं मूळ पाण्यासारखं एक ठरावीक द्रव्य कसं असेल, ते अमर्यादच असलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. थेलीसचं उत्तर टिकलं नाही, पण आधीच्याचं म्हणणं कारण देऊन खोडायची रीत पडली आणि ती आजवर चालू आहे. त्याच किनाऱ्यावरच्या झेनोफनीसने तर देवांनाच हात घातला. बैलांना आणि घोड्यांना हात असते, तर त्यांनी देवांची चित्रं आपल्यासारखीच काढली असती, असं तो म्हणे. देव एका आकारात मावत नाही हे सांगणारा हा माणूस विसोबांशेजारी बसवावा असाच.

सॉक्रेटिस अथेन्सचा. त्याचा बाप पाथरवट, आई सुईण. त्याने एक ओळही लिहिली नाही. भर बाजारात लोकांना गाठून तो प्रश्न विचारी. एकदा त्याला युथिफ्रो भेटला. हा गृहस्थ सख्ख्या बापावर खुनाचा खटला भरायला निघालेला, आणि धर्म कशात आहे हे आपल्याला पक्कं ठाऊक असल्याची त्याची खात्री. सॉक्रेटिसने विचारलं, एखादी गोष्ट देवांना आवडते म्हणून पवित्र ठरते, की ती पवित्र असते म्हणून देवांना आवडते? युथिफ्रोची एकेक व्याख्या कोसळत गेली. शेवटी काम आहे असं सांगून त्याने काढता पाय घेतला.

नामदेव पळाले नाहीत. तेरला गोरोबाकाका कुंभारांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, तेव्हा ते दुखावले, रागावले; पण विसोबांकडे औंढ्याला गेले. (हे तेर म्हणजेच प्राचीन तगर. ग्रीक भाषेतल्या एका जुन्या सागरी प्रवासवर्णनात त्याचं नाव आलेलं आहे.)

तरी दोन्हीकडे एकच सांगितलंय, असं म्हणून मोकळं होणं मला मान्य नाही. सॉक्रेटिसचा प्रश्न माणसाला अडवतो आणि तसाच सोडतो. मला काही ठाऊक नाही, एवढंच तो कबूल करतो. विसोबांना उत्तर ठाऊक आहे आणि शिष्याने ते स्वतः अनुभवावं यासाठी त्यांचा प्रश्न आहे. एकाची वाट वादाची, दुसऱ्याची भक्तीची.

सॉक्रेटिसने उत्तर दिलं नाही म्हणूनच पुढचे कामाला लागले. त्याचा शिष्य प्लेटो म्हणाला, डोळ्यांना दिसतं ते सावलीसारखं; खरं रूप बुद्धीलाच कळतं. प्लेटोच्या अकादमीत वीस वर्षं राहिलेल्या ॲरिस्टॉटलने गुरूला विरोध केला. वस्तूचं रूप वस्तूतच शोधायचं, असं म्हणून त्याने मासे, पक्षी, मधमाश्या न्याहाळल्या आणि तर्काचे नियम बांधले. मला स्वतःला ॲरिस्टॉटल जवळचा वाटतो, कारण समोरची वस्तू त्याला कधी क्षुद्र वाटली नाही.

प्रश्न विचारण्याची किंमत सॉक्रेटिसने मोजली. इ.स.पू. 399 मध्ये देव न मानल्याचा आणि तरुणांना बिघडवल्याचा आरोप ठेवून अथेन्सने त्याला विषाचा प्याला दिला. जुना मित्र क्रिटो तुरुंगातून पळवून न्यायला तयार होता. जन्मभर ज्या नगराचे कायदे मानले ते आता मोडणार नाही, म्हणून सॉक्रेटिसने नकार दिला. नरसीचे नामदेव मात्र औंढ्यानंतर एका देवळापुरते, एका गावापुरते राहिले नाहीत. ते पंजाबात घुमानपर्यंत गेले, आणि त्यांची 61 पदं आज गुरु ग्रंथसाहिबात आहेत.