सायकल हे वाहन आहे की नाही?

पुण्यासारख्या शहरात सायकलवर बसणाऱ्या माणसाची आज दोन्ही बाजूंनी कुचंबणा होत आहे. मोटारवाला त्यास रस्त्याच्या कडेला रेटतो आणि तो कडेला गेला म्हणजे पायी चालणारा त्यास हाकलून लावतो. एकाच्या दृष्टीने तो रस्त्यातील अडथळा, दुसऱ्याच्या दृष्टीने पदपथावर घुसणारा उपद्रव. खुद्द सायकलस्वारास विचारावे तर तो म्हणतो की, आम्ही धूर सोडीत नाही, गोंगाट करीत नाही, कोणाचे वाकडे करीत नाही. तरी आम्हांस वीतभर जागा द्यावयास कोणी तयार नाही. या तक्रारीत पुष्कळ तथ्य आहे. परंतु तक्रारीत तथ्य असणे निराळे आणि तक्रारदाराचे हात स्वच्छ असणे निराळे. न्यायासनापुढे दाद मागणाराने स्वच्छ हातांनी यावे, हा दंडक वकिलीच्या धंद्यात आम्ही पहिल्या वर्षीच शिकतो. आणि तो येथे लावून पाहिला तर सायकलस्वाराची बाजू वाटते तितकी भक्कम राहत नाही.

मूळ मुद्दा असा की, सायकल हे कायद्याच्या दृष्टीने वाहन आहे की नाही? प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही. इंग्लंडात १८३५ साली रस्त्यांविषयी जो कायदा झाला त्यात गाडी बेफाम हाकणाऱ्यास शिक्षा सांगितली होती. पण त्या वेळी पायटे मारून चालविण्याची सायकल जन्मासही आली नव्हती. पुढे १८७९ मध्ये टेलर विरुद्ध गुडविन या खटल्यात एका सायकलस्वारावर बेफाम हाकल्याचा आरोप आला, तेव्हा ज्या वस्तूचे नावही कायदा करणारांस ठाऊक नव्हते तिला 'गाडी' कसे म्हणावे, असा वाद निघाला. न्यायाधीशांनी तो मानला नाही. माणसास वाहून नेते ती गाडी, मग ती घोड्याने ओढलेली असो की माणसाच्या पायांनी चालविलेली असो, असा त्या निवाड्याचा आशय होता. गंमत अशी की, दुसऱ्याच वर्षी विल्यम्स विरुद्ध एलिस या खटल्यात नाक्यावरील टोलचा प्रश्न आला, तेव्हा टोलपुरती सायकल ही गाडी नव्हे असे ठरले! अखेर १८८८ साली पार्लमेंटानेच सायकलीस गाडी ठरविले आणि रात्री दिवा लावण्याची व पुढच्यास ओलांडताना घंटा किंवा शिटी वाजवून सूचना देण्याची सक्ती केली.

हे दोन निवाडे शेजारी शेजारी ठेवले म्हणजे आजच्या सायकलस्वाराच्या मनोवृत्तीचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. रस्त्यावर हक्क सांगावयाचा असला म्हणजे तो वाहनवाला असतो. काही द्यावयाची वेळ आली म्हणजे तो वाहनवाला नसतो. आणि चौकातील दिवा तांबडा दिसला की तो सायकल न थांबविता पादचाऱ्यांच्या घोळक्यातून पलीकडे निघून जातो, म्हणजे तेवढ्यापुरता पादचारी होतो. एका माणसास तीन सोंगे एकाच चौकात घेता यावयाची नाहीत. त्याने एक निवडावे, आणि आमच्या मते त्याने वाहनाचे निवडावे, कारण त्यातच त्याचे हित आहे.

आपल्याकडील कायदा या बाबतीत संदिग्ध नाही. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात, ज्यास आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात, वाहनाच्या व्याख्येत सायकलीचा नावानिशी उल्लेख आहे. त्याच्या ९९ व्या कलमाप्रमाणे वाहन हाकणाराने रस्त्याची डावी बाजू धरावी आणि पुढील वाहनास उजवीकडून ओलांडावे. पदपथावरून वाहन नेण्यास त्याच कायद्याने मनाई केली आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या २८१ व्या कलमात सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकणाऱ्यास किंवा स्वारी करणाऱ्यास सहा महिनेपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही सांगितले आहेत. तेथे 'मोटार' हा शब्द नाही. परक्या सरकारच्या शिपायास चुकवून बिनबत्तीची सायकल दामटण्यात एके काळी मर्दुमकी वाटत असेल, आणि चाकातील हवा सोडणाऱ्या शिपायाच्या गोष्टी जुने पुणेकर अजून चवीने सांगतात. पण १९५१ चा कायदा आपल्याच विधिमंडळाने केलेला आहे. तो मोडून आपण कोणत्या परक्यावर सूड उगवतो?

येथे एक बाब अशी आहे की तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात सायकल येत नाही. त्यामुळे सायकलस्वारास परवाना नको, नोंदणी नको, विमा नको. ही सवलत योग्यच आहे. शाळकरी पोराकडून व दूधवाल्याकडून विम्याचे हप्ते मागणे हा शुद्ध जुलूम होईल. पण सवलतीची दुसरी बाजू पाहा. मोटारीने एखाद्या वृद्धास धडक दिली तर सक्तीच्या विम्यामुळे व दावा न्यायाधिकरणामुळे त्याच्या कुटुंबास भरपाई मिळण्याची वाट तरी आहे. तीच धडक सायकलीची असली आणि वृद्धाचे खुब्याचे हाड मोडले, तर त्यास दिवाणी न्यायालयात साधा दावा लावण्यावाचून गत्यंतर नाही. आणि सायकलवाला गरीब असला तर हुकूमनामा मिळूनही हाती काय लागणार? सायकलीच्या धडकेचा खर्च बहुधा ज्यास धडक बसली त्याच्याच गाठीचा जातो. म्हणून कायदा ज्याच्यावर कमी ओझे घालतो त्याच्यावर सभ्यतेचे ओझे अधिक पडते, असे आमचे म्हणणे आहे.

सायकलस्वारांच्या सर्व खोडींत उलट दिशेने येणे ही आम्हांस सर्वांत घातक वाटते, आणि नेमकी तीच अगदी निरुपद्रवी समजली जाते. 'चार पावले तर जायचे आहे, वळसा कोण घालणार?' हे तिचे ठरलेले समर्थन. 'समोरची मोटार दिसते, ती मागून येण्यापेक्षा बरे,' असेही काही शहाणे सांगतात. या शहाण्यांनी थोडे अंकगणित करावे. मोटार ताशी चाळीस किलोमीटर वेगाने येत आहे व सायकल पंधराच्या वेगाने जात आहे, असे धरा. दोघे एकाच दिशेने असतील तर अंतर तुटण्याचा वेग ताशी पंचवीस. समोरासमोर असतील तर पंचावन्न. दोहोंत तीस मीटरांचे अंतर असेल तर पहिल्या प्रकारात सावरावयास चार सेकंदांहून अधिक मिळतात, दुसऱ्यात जेमतेम दोन. आणि त्यांतील एक सेकंद तर पाहून समजण्यातच खर्च होतो. शिवाय आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात. गल्लीच्या तोंडातून मोठ्या रस्त्यावर डावीकडे वळणारा माणूस उजवीकडे मान करून पाहतो, कारण रहदारी तिकडून यावयाची असते. उलट दिशेची सायकल त्याच्या डाव्या अंगाने येते. ती त्यास दिसत नाही हा त्याचा दोष कसा म्हणावा?

घंटेविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. घंटा ही सूचना आहे, हुकूम नव्हे. 'मी मागून येत आहे' एवढेच तिने सांगावयाचे असते. 'बाजूला हो' असे नव्हे. पादचाऱ्याच्या अगदी पाठीशी येऊन ती खणखणविली तर तो दचकून नेमका ज्या बाजूस सायकल जाणार त्याच बाजूस उडी मारतो, हा अनुभव रस्त्याने चालणाऱ्या प्रत्येकास आहे. दहाबारा हात मागून एकदा हलकेच वाजवावी, वेग कमी करावा, आणि म्हातारे माणूस किंवा मूल असेल तर सरळ पाय टेकावा. अलीकडे विजेवर चालणाऱ्या, अडीचशे वॅटपर्यंतच्या व ताशी पंचवीस किलोमीटरहून कमी वेगाच्या दुचाक्याही परवान्यावाचून फिरतात. त्या साध्या सायकलीहून जलद आणि तितक्याच मुक्या असल्यामुळे हा नियम त्यांस दुप्पट लागू आहे.

बत्ती, ब्रेक, हात दाखवून वळणे, कानात यंत्रे खुपसून गाणी न ऐकणे, या गोष्टी शाळेतील मुलासही ठाऊक आहेत. त्यांवर कागद खर्च करीत नाही. मात्र उभ्या मोटारींच्या रांगेला चिकटून जाऊ नये, हे पुष्कळांस ठाऊक नसते. मोटारीचा दरवाजा उघडला म्हणजे सुमारे हातदीड हात, कधी त्याहून अधिक जागा एकदम अडते. त्या रांगेपासून मीटरभर दूर राहावे. मागच्या मोटारीने भोंगा वाजविला तरी राहावे. ती जागा सायकलस्वाराची आहे, आणि तेथे त्याने भिऊन आत सरकणे म्हणजे सौजन्य नव्हे, आत्मघात होय.

येथपर्यंत सायकलस्वारास पुष्कळ बोललो. परंतु यावरून कोणी मोटारवाल्याने मिशीवर ताव देऊ नये. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक खात्याच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांत ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे मेलेल्या पाच माणसांत जवळजवळ एक पायी चालणारा. ही माणसे काही सायकलीखाली सापडून मेली नाहीत. धडकेचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीने वाढतो. ताशी वीसची मोटार चाळीसवर गेली की तोच जोर चौपट होतो, साठवर गेली की नऊपट. म्हणून २०१७ च्या मोटार वाहन चालनविषयक नियमांत पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध व अपंग यांच्याविषयी चालकाने विशेष काळजी घ्यावी असे म्हटले आहे. ब्रिटनने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या रस्त्याच्या नियमांत हीच पायरी अधिक स्पष्ट केली: ज्याच्या हातून अधिक हानी होऊ शकते त्याच्यावर अधिक जबाबदारी, आणि सायकलस्वारास ओलांडताना निदान दीड मीटर अंतर. 'बळी तो कान पिळी' हा आमच्या रस्त्यांवरचा चालू कायदा आहे. तो उलटा करावयाचा तर ट्रकने मोटारीस, मोटारीने सायकलीस आणि सायकलीने पादचाऱ्यास जपले पाहिजे. साखळीतील एकाच कडीने आपला भार टाकला तर बाकीच्यांना ती सबब पुरते.

आता महानगरपालिकेकडे वळू. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून देशभर ओळखले जाई. ते नाव परत मिळविण्याच्या हेतूने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर झाला, त्याच वर्षअखेर भाड्याच्या सायकलींची योजनाही वाजतगाजत निघाली; त्या सायकली थोड्याच वर्षांत रस्त्यांवरून दिसेनाशा झाल्या. सायकलमार्ग बांधले, पण कसे? कित्येक ठिकाणी पदपथाचाच एक पट्टा रंगवून त्यास सायकलमार्ग म्हटले. त्यावर मध्येच झाड, मध्येच विजेची पेटी, मध्येच खाद्यपदार्थांची गाडी. आणि जेथे संरक्षणाची खरी गरज, त्या चौकाच्या तोंडाशी मार्ग अदृश्य! याचा परिणाम असा की, पायी चालणारा आणि सायकलवाला, ज्यांनी एकमेकांच्या बाजूने उभे राहावयाचे, ते चार हातांच्या पट्ट्यासाठी एकमेकांशी भांडतात, आणि उरलेला सारा रस्ता चालत्या व उभ्या मोटारींकडे बिनबोभाट राहतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळ्यावाचून पदपथ मिळणे हा संविधानाच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भाग मानला. तो हक्क कापून सायकलीस जागा देणे हे औदार्य दुसऱ्याच्या खिशातले आहे. जागा काढावयाची तर ती मोटारींच्या उभ्या रांगेतून काढली पाहिजे.

हे वाचून आमचे व्यापारी मित्र दचकतील. दुकानासमोर मोटार उभी राहिली नाही तर गिऱ्हाईक कसे येणार, अशी त्यांची भीती असते. ती पोकळ आहे असे आम्ही म्हणत नाही. पण हिशेब मांडणाराने दोन्ही बाजू मांडाव्यात. एका मोटारीस उभे राहावयास सुमारे अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब जागा लागते. तेवढ्यात आठदहा सायकली सहज लागतात. मोटारीतून उतरणारे गिऱ्हाईक एक किंवा दोन, आणि पुष्कळदा ती मोटार गिऱ्हाइकाची नसून शेजारच्या दुकानदाराचीच असते व सकाळपासून रात्रीपर्यंत हलत नाही! महानगरपालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी पादचारी दिन पाळून लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांस बंद ठेवला होता. वर्षाकाठी असा एक दिवस पाळण्याऐवजी महिन्यातील एक रविवार याच रीतीने मोकळा ठेवून पाहावा, आणि त्या दिवसाचा गल्ला आदल्या रविवारच्या गल्ल्याशी ताडून पाहावा. वही दुकानदारांचीच आहे; त्यांस कोणाच्या मताची गरज नाही.

तोवर दोन गोष्टी तर त्यांच्या हातातल्या आहेत. मालाचा टेम्पो ऐन गर्दीच्या वेळी रस्त्यात आडवा उभा न करता सकाळी दुकाने उघडण्यापूर्वी रिकामा करून घ्यावा, आणि पदपथावर मांडलेली पोती, खोकी व पुतळे उंबऱ्याच्या आत घ्यावीत, म्हणजे चालणारास रस्त्यात उतरावे लागणार नाही. आणि माल पोचविण्यासाठी गड्यास सायकल देताना तिचे दोन्ही ब्रेक लागतात की नाही, मागे तांबडी काच व पुढे बत्ती आहे की नाही, एवढे मालकाने स्वतः हात लावून पाहावे.