पहिला शब्द फुटण्याआधी

‘ताट’ हा शब्द सावकाश म्हणून पाहा. ‘ता’ म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकतं, ‘ट’ म्हणताना ते मागे वळून टाळूला लागतं. मराठी माणसाला हा फरक ऐकायला कान टवकारावे लागत नाहीत. इंग्रजीत वाढलेल्या माणसाला मात्र हे दोन आवाज वेगळे ओळखणं फार जड जातं, कारण त्याच्या भाषेत या भेदाने अर्थ बदलत नाही. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या मानसशास्त्रज्ञांनी हिंदीतला हाच ‘त’ आणि ‘ट’ घेऊन कॅनडातल्या इंग्रजीभाषक घरांतल्या बाळांची परीक्षा घेतली. १९८४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा शोधनिबंध बालभाषेच्या अभ्यासात आजही पायाभूत मानला जातो.

बोलता न येणाऱ्या बाळाला परीक्षेत विचारायचं कसं? युक्ती अशी होती: बाळ आईच्या मांडीवर बसलेलं. स्पीकरमधून एकच अक्षर पुन्हा पुन्हा येत राहतं आणि मध्येच ते बदलतं. बदल होताच बाळाने मान वळवली, तर शेजारच्या पेटीत दिवा लागतो आणि आतलं खेळण्यातलं जनावर हलू लागतं. आवाज बदलला की गंमत दिसते, हे बाळाच्या चटकन लक्षात येतं. मग त्याने मान वळवली की नाही एवढंच संशोधकांनी टिपायचं. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांनी ‘त’ आणि ‘ट’मधला फरक बरोबर पकडला. बहुतेक इंग्रजीभाषक मोठ्या माणसांना तो ऐकू येत नाही! दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी मात्र अगदी थोड्यांनाच तो जमला. त्याच वयाच्या, हिंदी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना तो सहज येत होता.

म्हणजे जगातल्या कुठल्याही भाषेचे बारकावे ऐकू शकणारा कान घेऊन मूल जन्माला येतं आणि पहिल्या वाढदिवसापर्यंत तो कान घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेला बांधला जातो. ज्या काळात आपण म्हणतो, ‘अजून त्याला काय कळतंय’, त्याच काळात हे काम चाललेलं असतं. त्यासाठी वेगळी शिकवणी लागत नाही. तेल लावताना, आंघोळ घालताना, दुपटं बदलताना, वरणभाताचा घास भरवताना घरातली माणसं जे बोलतात, त्यावरच हे सगळं उभं राहतं. म्हणून मला या रोजच्या, कुणी फारसं मोजत नसलेल्या बोलण्याबद्दल लिहावंसं वाटतं.

सुरुवात जन्माच्याही आधी होते. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत बाळाला बाहेरचे आवाज ऐकू येतात; त्यांत सर्वांत जवळचा आवाज आईचा. १९८० साली अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी तीन दिवसांच्या आतल्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली आणि चोखण्याच्या लयीवरून कुणाचा आवाज लागणार ते ठरेल अशी व्यवस्था केली. परक्या बाईच्या आवाजापेक्षा आईचा आवाज ऐकू यावा, अशा लयीत बाळं चोखू लागली. २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांना तर असं आढळलं, की फ्रेंच आईच्या नवजात बाळाचं रडणं चढत जातं आणि जर्मन आईच्या बाळाचं उतरत जातं. त्या त्या भाषेच्या बोलण्याचा ढंगही तसाच आहे. पोटातल्या बाळापर्यंत पोचते ती बोलण्याची लय आणि चढउतार. अभिमन्यूला चक्रव्यूहाची युक्ती पोटात कळली ही परंपरेने सांगितली जाणारी गोष्ट सुंदर आहे, पण शब्दांचा अर्थ तिथवर पोचतो असं दाखवणारा पुरावा नाही. गर्भसंस्काराच्या नावाखाली महागड्या ध्वनिफिती घेणाऱ्या जोडप्यांना मी एवढंच सांगेन, की आई दिवसभर इतरांशी जे बोलते, ते बाळाला पुरेसं असतं.

जन्मानंतरचं कोडं आणखी अवघड आहे. आपण लिहिताना शब्दांमध्ये जागा सोडतो, बोलताना सोडत नाही. ‘चलाआताआंघोळकरूया’ असा सलग प्रवाह बाळाच्या कानावर पडतो. त्यातून ‘आंघोळ’ हा तुकडा वेगळा काढायचा कसा? जेनी सॅफ्रन, रिचर्ड ॲस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी १९९६ साली आठ महिन्यांच्या बाळांना ‘बिदाकु’, ‘पादोती’, ‘गोलाबु’ असे निरर्थक शब्द संगणकाच्या सपाट आवाजात, मध्ये अजिबात न थांबता, फक्त दोन मिनिटं ऐकवले. तेवढ्यात बाळांनी ओळखलं, की ‘बि’नंतर नेहमी ‘दा’ येतो, पण ‘कु’नंतर काय येईल याचा नेम नाही, म्हणजे शब्द तिथे संपला. कुठल्या अक्षरामागे कुठलं अक्षर किती वेळा येतं, याचा हिशेब बाळ आपोआप ठेवत होतं. आपण रोज त्याच वेळी, त्याच कामाला, तेच शब्द वापरतो. मोठ्या माणसाला कंटाळवाणी वाटणारी ती पुनरावृत्ती बाळाच्या या हिशेबाला फार उपयोगी पडते.

आणि अर्थही आपल्या अंदाजापेक्षा लवकर उमगू लागतो. एलिका बर्गेल्सन आणि डॅनियल स्विंगली यांनी २०१२ साली दाखवून दिलं, की सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना खाण्याच्या आणि शरीराच्या अवयवांच्या काही रोजच्या शब्दांचा अर्थ माहीत असतो. समोर दोन चित्रं ठेवून आईने एकाचं नाव घेतलं, की बाळाची नजर त्या चित्राकडे जास्त वळते. तोंडातून शब्द यायला अजून काही महिने असतात, पण समज आधीच आलेली असते.

आता बोबड्या बोलण्याचा वाद. ‘मुलाशी नीट बोला, भूभू काय म्हणता, कुत्रा म्हणा,’ असं बजावणारं कुणी ना कुणी प्रत्येक घरात असतं. या विषयात मराठीचा वाटा मोठा आहे. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९६४ साली सहा भाषांमधल्या बाळबोलीची तुलना केली, त्या सहांत मराठी होती. त्याच वर्षी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी मराठी बाळबोलीवर स्वतंत्र शोधनिबंध लिहिला. भूभू, मंमं, जोजो, पापा, शीशी हे शब्द अभ्यासाच्या टेबलावर आले. त्यांचा साचा बघा: एकच अक्षर दोनदा, बऱ्याचदा ओठ मिटून निघणारे सोपे आवाज, जोडाक्षर जवळपास नाहीच. हे शब्द मुलं बनवत नाहीत. मोठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या ते मुलांसाठी जपून ठेवतात आणि मूल मोठं झालं की ते आपोआप गळून पडतात.

शब्दांपेक्षाही महत्त्वाचा आहे आपला बदललेला सूर. तान्ह्या बाळाशी बोलताना बायकाच काय, एरवी गंभीर असणारे आजोबाही आवाज उंचावतात, सावकाश बोलतात, स्वर लांबवतात. ॲन फर्नाल्ड यांनी १९८५ साली दाखवलं, की चार महिन्यांची बाळं सपाट बोलण्यापेक्षा असं हेल काढलेलं बोलणं ऐकायला जास्त वळतात. पुढे पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका, रशिया आणि स्वीडनमधल्या आयांचं बोलणं तपासलं. बाळाशी बोलताना त्यांचे ‘आ’, ‘ई’, ‘ऊ’ हे स्वर एरवीपेक्षा अधिक ताणलेले, एकमेकांपासून अधिक स्पष्ट वेगळे होते. लाडाने हेल काढणारी आजी नातवाला स्वरांचा पहिला धडा देत असते. तिला कुणी टोकू नये.

कूल यांचाच आणखी एक प्रयोग मला प्रत्येक आईबापापर्यंत पोचावासा वाटतो. सिएटलमधल्या, इंग्रजी घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना त्यांनी चिनी भाषा ऐकवायची ठरवलं. चार आठवड्यांत बारा बैठका, प्रत्येक पंचवीस मिनिटांची. एका गटासमोर चिनी बोलणारी व्यक्ती जमिनीवर बसून खेळणी दाखवत, पुस्तकं वाचत गप्पा मारायची. दुसऱ्या गटाला त्याच व्यक्तींचं, तेच साहित्य घेतलेलं चित्रीकरण पडद्यावर दाखवलं. तिसऱ्या गटाला नुसता आवाज ऐकवला. २००३ साली निकाल प्रसिद्ध झाला: ज्यांच्यासमोर माणूस होता त्या बाळांना चिनी भाषेतले आवाज चिनी बाळांइतकेच ओळखता येऊ लागले. पडद्यासमोरची आणि नुसत्या आवाजाची बाळं काहीच शिकली नव्हती. भाषा तीच, बोलणारे तेच, वेळही तेवढाच. फरक एवढाच, की पडद्यावरची व्यक्ती बाळाला बघू शकत नव्हती आणि ते हसलं तर थांबत नव्हती.

म्हणूनच जेवताना समोर ठेवलेला मोबाइल मला काळजीत टाकतो. दोघंही नोकरीला, घरात तिसरं माणूस नाही, मूल घास गिळत नाही आणि बाहेर पडायची घाई. अशा वेळी गाण्याचा व्हिडिओ लावून घास संपवणाऱ्या आईबापाला दोषी ठरवणं अन्यायाचं आहे. पण त्या वीस मिनिटांत काय हुकतं, तेही सांगायला हवं. गरम आहे का, फुंकर घालू का, हा घास चिऊचा, तो काऊचा, आणखी हवं का, संपलं बघ! एका वाटीभर भातात एवढं बोलणं असतं, आणि प्रत्येक वाक्यासोबत बाळाला वास, चव, आईचा चेहरा मिळत असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं, की एक वर्षाच्या आतल्या बाळाला पडद्यासमोर बसवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त वेळ नको. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही दोन वर्षांपर्यंत पडदा नको असंच म्हटलं आहे. गावाकडच्या आजी-आजोबांशी अधूनमधून केलेल्या व्हिडिओ कॉलचा तेवढा अपवाद केला आहे. तो अपवाद मला योग्य वाटतो. त्या पडद्यापलीकडे उत्तर देणारं माणूस असतं.

फोन आपल्या हातात असतो तेव्हा काय होतं, हेही विसरून चालणार नाही. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आईने बाळाशी खेळता खेळता काही मिनिटं चेहरा कोरा ठेवायचा होता. बाळं आधी हसून, हात पुढे करून तिला परत बोलवायचा प्रयत्न करत; मग तोंड फिरवत, कोमेजून जात. मोबाइल तेव्हा नव्हता. मात्र मान खाली घालून फोनमध्ये गुंतलेला चेहरा बाळाला वेगळा कसा वाटेल?

किती बोलायचं, यावर एके काळी आकड्यांचा बराच बोलबाला झाला. बेटी हार्ट आणि टॉड रिझली यांनी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीतल्या ४२ कुटुंबांचा अडीच वर्षं अभ्यास करून १९९५ साली म्हटलं, की चौथ्या वर्षापर्यंत सुखवस्तू घरांतली मुलं गरीब घरांतल्या मुलांपेक्षा तीन कोटी शब्द जास्त ऐकतात. पुढे या आकड्यावर टीका झाली, आणि ती रास्त होती. कुटुंबं थोडी होती, आणि आजी, भावंडं, शेजारीपाजारी यांचं आजूबाजूचं बोलणं हिशेबात नव्हतं. चाळीत किंवा वाड्यात वाढलेल्या कुणालाही ही त्रुटी लगेच कळेल. २०१८ साली रेचल रोमिओ आणि सहकाऱ्यांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या घरातलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि गोष्टी ऐकताना त्यांच्या मेंदूचं चित्रणही घेतलं. मेंदूतल्या भाषेच्या केंद्राच्या कामाशी संबंध आढळला तो संवादाच्या फेऱ्यांचा: मूल बोललं, मोठ्याने उत्तर दिलं, मूल पुन्हा बोललं. ऐकलेल्या एकूण शब्दांच्या संख्येपेक्षा आणि घरच्या उत्पन्नापेक्षा या फेऱ्या जास्त महत्त्वाच्या ठरल्या. तेव्हा बाळाने ‘अगूं’ केलं, की उत्तर द्यावं आणि मग थांबावं. त्याची पाळी त्याला मिळू द्यावी.

उत्तर कुठल्या भाषेत द्यायचं? आपल्याला जी सहज येते तिच्यात. इंग्रजी शाळेच्या धास्तीने कित्येक घरांत ‘ॲपल खा, हँड वॉश कर’ अशी मोजकी, अडखळती भाषा मुलाच्या वाट्याला येते. आईवडिलांकडे चार शब्द असले, तर मुलाच्या वाट्याला चारच येणार. आणि रागवायला, लाड करायला, गोष्ट रंगवायला ते पुरत नाहीत. घरात खरोखरच दोन भाषा नांदत असतील, मराठी-हिंदी, मराठी-कन्नड, मराठी-कोकणी, तर घाबरायचं कारण नाही. दोन भाषांमुळे मुलाचं बोलणं लांबत नाही.

या सगळ्याला एक अट आहे: बाळाला ऐकू यायला हवं. जन्मतः श्रवणदोष हजारात एक-दोन बाळांना तरी असतो, आणि तो लपून राहतो. कारण सुरुवातीचे हुंकार ऐकू न येणारं बाळही काढतं. ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी स्पष्ट अक्षरांची माळ मात्र त्याच्या तोंडी वेळेवर येत नाही. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचे काकाही उशिरा बोलले होते’ असं म्हणत घर वाट पाहतं, आणि नेमके मोलाचे महिने हातचे जातात. नवजात बाळाची श्रवणचाचणी झोपेतच, कानात मऊ टोकाची नळी ठेवून, काही मिनिटांत होते; दुखत नाही. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचाराला सुरुवात, हा जगभर मानला जाणारा क्रम आहे. मुलांच्या आरोग्यतपासणीचा सरकारी ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला, आणि जन्मतः येणारं बहिरेपण त्याच्या यादीत आहे. दहा महिन्यांचं होऊनही बाळ अक्षरं जुळवत नसेल, वर्षाचं होऊन नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, किंवा दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल, तर कुणाच्याही सांगण्यावरून थांबू नका. त्याच आठवड्यात जवळच्या सरकारी रुग्णालयात किंवा बालरोगतज्ज्ञाकडे जा आणि कान तपासून घ्या.